बार्सिलोनाचा एक तास

त्या बुधवारी दत्तप्रसादने फोनवर माझ्याकडे फक्त एक नंबर मागितला होता. तो मी वाचून दाखवला असता, तर ही गोष्ट सांगायला माझ्याकडे काही उरलंच नसतं. आणि ते फार बरं झालं असतं.

मी बाबू. एसटीत वाहतूक नियंत्रक, म्हणजे लोक ज्याला कंट्रोलर म्हणतात तो. आमचं घर आचऱ्याचं, पिढ्यान् पिढ्या होडीवर जगणारं. त्या घरात मी एकटाच असा निपजलो, की होडीत पाय ठेवला की पोट घशाशी येतं. वडलांनी दोन हंगाम वाट बघितली, मग आईला म्हणाले, ह्याका जमिनीवरची नोकरी बघूया. जमिनीवर मात्र मी चमकलो. कुठली गाडी तळेऱ्याला किती वाजता, कुठली फोंडाघाट चढून कोल्हापुरात किती वाजता, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. (सत्यवती, म्हणजे माझी बायको, म्हणते की न उठवताही मी सांगतो.)

माझी थोरली बहीण आनंदीबाय आमच्यापासून एक घर सोडून राहते. नवरा गेला तेव्हा तिची दोन मुलं शाळेत होती. तिने बाजारात टोपली घेऊन बसून, मासे विकून त्यांना वाढवलं. थोरला दत्तप्रसाद युरोपात प्रवासी बोटीवर स्वयंपाकघरात लागला. धाकटी तन्वी लग्न करून लंडनला गेली. तिचा नवरा यतीन तिथे कॉम्प्युटरच्या कंपनीत. तन्वीच्या लग्नात दत्तप्रसाद बोटीवर अडकला होता. नवऱ्यामुलाचा कान पिळायला सख्खा भाऊ नाही म्हणून चुलत भावाला उभा केला, आणि तन्वी त्या वेळी जी रडली ते आम्हा सगळ्यांना पाठवणीचं रडणं वाटलं. त्यानंतर तो सुट्टीवर आला की ती लंडनला, आणि ती आली की तो समुद्रात. असं करत पाच वर्षं गेली. तन्वीला मुलगी झाली, आरोही. ती आठ महिन्यांची झाली तरी मामाने तिला फोटोतच पाहिलेलं.

आनंदीबायकडे फोन नव्हता. तो माझ्याकडे होता. तन्वी दर रविवारी लंडनहून फोन करायची, दत्तप्रसाद बोट बंदराला लागेल तेव्हा फोनच्या कार्डावरून. म्हणजे दोघांच्याही गाड्या माझ्याच स्टँडवरून सुटत होत्या, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

तर २००४च्या एप्रिलच्या मध्यात, एका बुधवारी, दत्तप्रसादचा फोन आला. सोळा मेला, रविवारी, बोट बार्सिलोनाला लागणार होती आणि त्याला सकाळी अकरा ते दुपारी अडीच अशी मोकळीक होती. लंडनहून तन्वीला येता येईल का, असं त्याच्या मनात होतं. तन्वीने नुकतंच घर बदललं होतं, तिचा नवा नंबर त्याच्याकडे नव्हता.

"मामा, तन्वीचो नवो नंबर दी माका. मीच बोलतंय तिच्याशी."

नंबर माझ्यासमोर कॅलेंडरवर लिहिलेला होता. मी म्हटलं, "कित्याक? तुझा कार्ड दोन मिनिटांत संपतला. काय ता माका सांग. रविवारी मी तिका सांगतंय."

बाहेरून हे कार्ड वाचवणं दिसतं. आतली गोष्ट अशी, की दोन टोकांचे लोक परस्पर बोलायला लागले तर मग कंट्रोलरने करायचं काय? पंचवीस वर्षं खिडकीत बसल्यावर माणसाला वाटायला लागतं, की आपण सांगितल्याशिवाय कुणी कुठे पोचतच नाही.

रविवारी तन्वीला सांगितलं. ती एवढी हरखली, की पोर मागे रडत होतं तिकडे तिचं लक्षच नव्हतं. तिने व्हिसा काढला, तिकीट काढलं. यतीनला त्या रविवारी कामावर जायचं होतं, तर एकटीच मुलीला घेऊन जायची तयारी केली. दोन मेच्या रविवारी तिने वेळा सांगितल्या आणि मी त्या टिपून घेतल्या. लंडनहून विमान सकाळी नऊला सुटतं, बार्सिलोनाला बारा दहाला पोचतं. परत यायचं विमान संध्याकाळी सहाला, लंडनला सात दहाला. बंदरासमोर एका उंच खांबावर समुद्राकडे बोट दाखवणारा पुतळा आहे, त्याच्या पायथ्याशी ती एक वाजता येईल. त्यानंतरच्या बुधवारी दत्तप्रसादचा फोन आला, त्याला मी हे सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, एक ते अडीच, दीड तास मिळता, चलात.

इथेच थांबलो असतो तर! पण वेळापत्रक हातात आलं की मला ते वाचल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर मी तो कागद काढला आणि दचकलो. जाताना तीन तास दहा मिनिटं. येताना एक तास दहा मिनिटं. मार्ग तोच, विमान बहुधा तेच. संध्याकाळी भाईंकडे जाऊन त्यांच्या नकाशावर दोऱ्याने अंतर मोजलं (भाई म्हणजे आमच्या आळीतले भूगोलाचे निवृत्त मास्तर, ते तेव्हा अंघोळीला गेले होते). सरळ रेषेत साधारण अकराशे किलोमीटर भरलं. म्हणजे आचऱ्याहून मुंबईला जाऊन यायचं आणि वर फोंडाघाटची एक फेरी. एवढं अंतर जाताना तीन तास आणि येताना एक?

आमचा ड्रायव्हर गंगाराम कोल्हापूर लाइनवर जन्म काढलेला माणूस. त्याला कागद दाखवला. त्याने तो उलटा धरून, सुलटा धरून बघितला आणि म्हणाला, "ह्यात काय नवल नाय. फोंडाघाट चढताना गाडी किती येळ खाता, आणि उतारताना किती? लंडन खालच्या अंगाक आसतला."

मला हे पटलं. नुसतं पटलं नाही, दोन दिवस मी ते आख्ख्या आचऱ्याला समजावून सांगितलं. लंडन सखल आहे आणि बार्सिलोना डोंगरावर, असं मासळीबाजारापासून देवळाच्या पायऱ्यांपर्यंत सगळ्यांना कळलं. आनंदीबायने एका गिऱ्हाइकाला तेच सांगितल्याचं मी या कानांनी ऐकलं, आणि मला अभिमान वाटला.

तिसऱ्या दिवशी ते भाईंच्या कानावर गेलं. त्यांनी मला बोलावून घेतलं, खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "बाबू, पृथ्वी गोल आसा. तिका घाट नाय."

मग त्यांनी समजावलं. प्रत्येक देशाचं घड्याळ वेगळं. बार्सिलोनाची घड्याळं लंडनच्या एक तास पुढे असतात, आपली बार्सिलोनाच्या साडेतीन तास पुढे. एक तास पुढे हे ऐकलं मात्र, मी खिशातला कागद काढून पाहिला. मी ताडकन उठलो. भाई पुढे काहीतरी सांगत होते, बोट वर करून, पण मी तोवर बाहेर येऊन चपला घालत होतो.

माझ्या डोक्यात जे झालं ते असं. तन्वी राहते लंडनला, तिकीट काढलं लंडनला, म्हणजे तिकिटावरची वेळ लंडनची. लंडनमध्ये बारा दहा, तेव्हा बार्सिलोनात एक दहा. म्हणजे ती पुतळ्यापाशी पोचणार दोन वाजता. आणि दत्तप्रसाद अडीचला परत बोटीवर हवा. पुतळ्यापासून बोटीपर्यंत जायचा वेळ धरला, तर भावा-बहिणीला मिळणार जेमतेम दहा मिनिटं. पाच वर्षांनी दहा मिनिटं! आणि हे अख्ख्या जगात फक्त मला कळलं होतं.

(भाई पुढे काय सांगत होते ते मला नंतर कळलं. विमानाला जायला-यायला दोन्ही वेळा दोन तास दहाच मिनिटं लागतात, आणि तिकिटावर उतरायची वेळ ही उतरायच्या गावचीच असते, तो एक तास त्यात आधीच धरलेला असतो. तिकिटाने तो एकदा धरला होता. मी तो पुन्हा धरला.)

नऊ तारखेच्या रविवारी तन्वीचा फोन आला. मी तिला विचारलं, तिकिटार बारा दहाच आसा ना? ती म्हणाली, होय मामा, बारा दहा. कुठल्या घड्याळाचे, एवढंच विचारायचं होतं. नाही विचारलं. तिला उगाच काळजी नको म्हणून पुढचं काही सांगितलंही नाही. आपण परस्पर दुरुस्त करून टाकू, असं ठरवलं.

गुरुवारी दत्तप्रसादचा फोन आला. मी त्याला सांगितलं, की एकची वेळ लंडनची आहे, बार्सिलोनात तेव्हा दोन वाजतील, तर तू तुझी मोकळीक बदलून घे.

"पण मामा, तिकिटार जी येळ आसता, ती जंय विमान उतारता थंयची आसता."

तो दरवर्षी विमानाने बोटीवर जायचा आणि यायचा. मी जन्मात विमानाच्या पायरीला हात लावलेला नाही. तरीही मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"दत्ता, तू कांदो काप. टायमाचा माज्यावर सोड."

"नक्की ना?"

"पंचवीस वर्षां हीच नोकरी करतंय."

त्याने ऐकलं. मोठ्यांचं ऐकायची सवय आनंदीबायने लावलेली. हाताखालच्या एका फिलिपिनो पोराला विनवून त्याने पाळी बदलली आणि दोन ते पाच अशी मोकळीक घेतली.

सोळा तारखेला आनंदीबाय बाजार लवकर आटपून आली. अंघोळ करून, तन्वीच्या लग्नात नेसलेलं जांभळं लुगडं नेसून ती आमच्या ओटीवर फोनसमोर येऊन बसली. जसं काही भेट तिथेच होणार होती. सत्यवतीने तिला चहा दिला, तो तिने हातातच धरून ठेवला.

साडेपाच वाजले. मी घड्याळाकडे बघून जाहीर केलं, "थंय दोन वाजले. आता भेटली."

आनंदीबायने डोळे मिटून देवळाच्या दिशेने हात जोडले.

त्यानंतर मी जे केलं त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मला तो आनंद एकट्याला पेलवेना. मी फोन उचलला आणि तळेऱ्याला सासुरवाडीला लावला. युरोपात या क्षणाला काय चाललं आहे ते त्यांना सांगितलं. मग मालवणला एका दोस्ताला. मग कोल्हापूरला साडूला, त्याने सगळं पहिल्यापासून विचारलं म्हणून पहिल्यापासून सांगितलं. मग फोंडाघाटला गंगारामच्या शेजाऱ्याकडे लावून गंगारामला बोलावून घेतलं, आणि पृथ्वीला घाट नाही हे त्याला नीट समजावलं. त्याला ते मान्य नव्हतं, त्यामुळे वेळ लागला.

सत्यवती दोनदा म्हणाली, "अवो, ठेवा आता फोन. पोरांचो येतलो." मी तिला हाताने थांब म्हणून खूण केली.

सात वाजता मी फोन खाली ठेवला. दहा मिनिटांनी तो वाजला. तन्वी होती.

"मामा, दादा इलोच नाय."

मी म्हटलं, इलो नाय म्हणजे काय? ती सांगत गेली. ठरल्याप्रमाणे ती एकच्या आधीच पुतळ्यापाशी पोचली होती. कडेवर आरोही, खांद्याला पिशवी. कुणी सावळा माणूस दिसला की ती पोरीला जरा उंच धरायची, त्याला ओळखता यावं म्हणून. सव्वादोनपर्यंत थांबली. तिच्या हिशोबाने दादा अडीचला बोटीवर जाणार, तेव्हा तिला वाटलं, सुट्टी मिळाली नसेल, निदान फाटकाशी पाच मिनिटं तरी दिसेल. म्हणून टॅक्सी करून ती बंदराच्या आत, बोटीच्या फाटकाशी गेली. पहारेकऱ्याला तिचं बोलणं कळेना. तीनपर्यंत ती तिथेच उन्हात उभी होती. तिथल्या बूथवरून तीनदा फोन केला, पण लाइन बिझी. आता ती विमानतळावर होती.

मला सगळं एकदम कळलं. ती टॅक्सीने बोटीकडे निघाली आणि दत्तप्रसाद बोटीच्या बसने पुतळ्याकडे निघाला. तिथे तेव्हा पावणेचार वाजत होते, तो पाचपर्यंत मोकळा होता, म्हणजे आता या घटकेला तो पुतळ्याखाली उभा होता. विमान सहाला. टॅक्सीत बसून परत गेली असती तर अजूनही पंधरा-वीस मिनिटं मिळाली असती. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की परत जा.

मी म्हणालो, "थांब, माका जरा हिशोब करू दी."

आणि कॅलेंडरच्या मागे पेन्सिल शोधायला लागलो. पेन्सिल सापडली तेव्हा फोनमध्ये टूं टूं वाजत होतं. तिची नाणी संपली होती. पुन्हा फोन आला नाही.

सव्वाआठला दत्तप्रसादचा आला. तो पुतळ्याखाली दोन वीसपासून साडेचारपर्यंत उभा होता. साडेतीनच्या आत त्याने चारदा फोन लावला होता, आमची लाइन बिझी, मग ती चुकू नये म्हणून तो पुतळ्याखालून हललाच नाही. एका बाईच्या कडेवर आठ-नऊ महिन्यांचं पोर बघून तो धावत गेला, तर ती कुणी दुसरीच होती, घाबरली. आदल्या दिवशी त्याने आरोहीसाठी एक छोटा केक केला होता, त्यावर क्रीमने तिचं नाव मराठीत लिहिलं होतं. बोटीवर कुणालाच ते वाचता येईना, सगळे नक्षी समजले. मी विचारलं, त्या केकचा काय केलंस? तो म्हणाला, थंय एक पोरगा खेळी होता, तेका दिलंय.

चिडला नाही तो. "जांव दी, मामा," एवढंच म्हणाला, आणि आईला फोन द्यायला सांगितला. आनंदीबायने रिसीव्हर घेतला, ऐकून घेतलं, जेवलंस काय विचारलं, आणि ठेवला.

मग तिने मला विचारलं. मी सगळं सांगितलं, एक तास, भाई, कांदो काप, सगळं. संपल्यावर ती म्हणाली,

"म्हणजे दोघांय थंयच होती?"

"होय."

"आणि दोघांय वाट बघी होती?"

"होय, बाय."

"बरां," असं म्हणून ती उठली, गार झालेला चहा तिने एका घोटात प्यायला, कप विसळून ठेवला आणि आपल्या घरी गेली. आमच्या घरात तिने स्वतः कप विसळल्याचं मला आठवत नाही. ती बहिणीच्या हक्काने टाकून जायची.

तिने माझ्याशी बोलणं टाकलं असतं तर मला सोसलं असतं. तिने ते टाकलं नाही. ती माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलायला लागली. मासे रोज आणून द्यायची, पण सत्यवतीच्या हातात. मी समोर दिसलो तर म्हणायची, काय, ड्युटीक चललास? मला ती लहानपणापासून बाबल्या म्हणायची. ते दोन वर्षं माझ्या कानावर पडलं नाही.

पुढच्या खेपेला दत्तप्रसादचा फोन आला तो सत्यवतीने उचलला. मी पुढे झालो, तर तिने पाठ केली. कॅलेंडरवरचा तन्वीचा नंबर तिने त्याला वाचून दाखवला, त्याने तो परत म्हणून दाखवला. मी घड्याळात बघत होतो. वीस सेकंद लागले.

त्या दिवसापासून माझ्या फोनवरची वर्दळ संपली. भाऊ-बहीण परस्पर बोलू लागले. आनंदीबायला दत्तप्रसादने मोबाइल पाठवला, आणि अंगठा उठवणारी ती बाई महिन्याभरात कुठलं हिरवं बटण दाबायचं ते शिकली. कधी कधी तिच्या अंगणातून हसणं ऐकू यायचं. काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी बाजारात कळायचं, इतर गिऱ्हाइकांबरोबर.

२००६च्या मेमध्ये दोघं एकदम घरी आली. कशी, कुठल्या गाडीने, मला ठाऊक नाही. सगळं दोघांनी मिळून ठरवलं, मुंबईत भेटली आणि तिथून बरोबर निघाली. कधी येतत, असं मी आनंदीबायला विचारलं, तर म्हणाली, "इली की कळात." मी आपली तीन दिवसांची रजा टाकून ओटीवर बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी थांबली. आरोही आता पावणेतीन वर्षांची झालेली. मामा तिला कडेवर घ्यायला गेला, तर ती लाजून आईच्या मागे लपली. दत्तप्रसादने हात पुढे केले होते ते तसेच मागे घेतले आणि हसला. आठ महिन्यांची असती तर लाजली नसती. हे कुणी बोललं नाही. मी एकट्यानेच ऐकलं.

मी माफीचं एक वाक्य दोन वर्षं तयार करून ठेवलं होतं. ते बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तन्वी पाया पडली, दत्तप्रसाद पाया पडला आणि वाक्य राहिलं ते राहिलंच. सगळी ओटीवर बसली. आरोहीला किनाऱ्यावर रापण ओढताना बघायची होती, वाटेत आईने तिला तेच सांगून शांत ठेवलं होतं. ती सारखी विचारत होती, कधी जायचं, कधी जायचं. पाच वाजता जाळं ओढतात, असं आनंदीबाय म्हणाली.

"मामा, किती वाजले?" दत्तप्रसादने सहज विचारलं.

दोन वर्षांत पहिल्यांदा त्या घरातल्या कुणी मला वेळ विचारली होती. मी घसा साफ केला, मनगट नीट डोळ्यांसमोर धरलं आणि सांगितलं, "साडेचार."

दत्तप्रसादने आपलं घड्याळ बघितलं. तन्वीने आपलं बघितलं. आनंदीबायकडे घड्याळ नाही, ती उठून अंगणात गेली आणि सूर्य बघून आली.